पसंतीक्रम कुणाचा?



डॉक्टरकीच्या प्रवेशाचा एक फॉर्म असतो. त्यात कॉलेजांची नावं ओळीनं लिहायची असतात. एक नंबरला कुठलं, दोन नंबरला कुठलं. त्याला पसंतीक्रम म्हणतात.

पसंती हा शब्द आपल्या बापजाद्यांच्या तोंडी कधी आला नाही. त्यांच्या वाट्याला उरलेलं यायचं. उरलेली भाकर, उतरलेलं कापड, गावकुसाबाहेरची जागा. आज सरकारी कागद आपल्या पोरांना विचारतोय, तुझी पसंती काय? आणि आपली पोरं तिथं परत उरलेलंच मागतायत. ह्याची चीड येऊन मी लिहितोय. चीड दुसऱ्यांची आहेच. पण पहिली चीड मला माझीच आहे. ती आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरूरला आमच्या वस्तीतली एक पोरगी नीटला चांगले मार्क घेऊन पास झाली. बाप रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं हमालीला, आई खुरपायला. कोटा नाही, लातूर नाही, क्लास नाही. जुन्या बाजारातली पुस्तकं आणि मोबाईलवरचे धडे. मी गिरणीतून रात्रपाळी करून आलेलो. म्हणाली, दादा, फॉर्म भरायला चल. मला काय कळतंय त्यातलं? पण वस्तीत चार कविता लिहिणारा म्हणजे शिकलेला. गेलो.

फॉर्म भरून देणारं दुकान. गर्दी. दुकानदार स्क्रीनवरून मान न काढता म्हणाला, "तीन नावं टाकतो. पुणे, बारामती, सोलापूर. बाकीची लांब हायेत. पोरीची जात हाय."

पोरगी म्हणाली, "मुंबई टाकायची का?"

तो हसला. "मार्क बघ आधी आपले."

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. आणि मी मान डोलावली. मीच म्हणालो, लांब कशाला? जवळ असलेलं बरं. पंधरा मिनिटांत काम झालं. शंभर रुपये दिले. बाहेर येऊन आम्ही चहा प्यालो.

पहिल्या फेरीत तिचं नाव लागलं नाही. दुकानदार म्हणाला, संपलं. आम्ही मानलं. दुसरी फेरी असते, तिला नव्यानं पसंती भरायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारलं नाही. दिवाळी झाल्यावर एका ओळखीच्या पोरानं मोबाईलवर याद्या काढून दाखवल्या. विदर्भातल्या, खानदेशातल्या सरकारी कॉलेजांत आपल्या प्रवर्गाची शेवटची जागा तिच्याहून कमी मार्काला गेली होती. एका नाही, बऱ्याच कॉलेजांत.

तिची जागा कुठल्या मनुवाद्यानं हिसकावली नाही. ती जागा मी माझ्या मानेनं घालवली. मोर्च्यात घोषणा देणाऱ्या, बाबासाहेबांच्या फोटोखाली कविता वाचणाऱ्या मानेनं.

म्हणून हे लिहिणं.

*

आता बघा, ही भीती कुणी घातली आपल्यात? लांब नको. मोठ्या कॉलेजात आपलं काय काम. आपल्याला झेपेल तेवढंच. डॉक्टर नको, डीफार्म कर, नर्सिंग कर, पटकन हाताला काम. ही भाषा मास्तर बोलतो, दुकानदार बोलतो, पाव्हणा बोलतो. आणि ऐकून ऐकून आपण बोलतो. महारवाड्याला वेस असायची. वेस पडली. पण डोक्यात एक वेस अजून उभी आहे आणि तिच्यावर पहारा आपणच देतोय.

दुसरी बाजू बघा. १९५१ साली चंपकम दोराईराजन हा खटला सुप्रीम कोर्टात गेला. मद्रास सरकारनं मेडिकल आणि इंजिनीअरिंग कॉलेजच्या जागा जातवार वाटल्या होत्या. चंपकम या ब्राह्मण बाई. त्यांचं म्हणणं, ह्या वाटपानं मला मेडिकलला जागा मिळणार नाही. कोर्टानं ते वाटप रद्द केलं. आणि गंमत ऐका, त्याच निकालात नोंद आहे की बाईंनी प्रवेशाचा अर्जच केलेला नव्हता! अर्ज न भरता त्या देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टापर्यंत भांडल्या आणि जिंकल्या. त्या निकालानं राखीव जागांचा पायाच हलला, म्हणून त्याच १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) घालावं लागलं. कायदेमंत्री होते बाबासाहेब.

त्यांना वाटलं की जागा आपल्या बापाचीच आहे, म्हणून अर्जाशिवाय भांडले. आपल्या पोरीचा अर्ज आहे, मार्क आहेत, घटनेचं कलम आहे, आणि आपण तीन नावं टाकून चहा प्यायला जातो.

पसंती ही कुणाची मेहेरबानी नाही. तो हक्क आहे आणि त्यावर कोर्टाचे निकाल आहेत. मेडिकलच्या पदव्युत्तर प्रवेशाचा रितेश शहा खटला, १९९६. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राखीव प्रवर्गातला पोरगा स्वतःच्या मार्कावर खुल्या यादीत आला तर त्याला राखीव कोट्यात मोजायचं नाही, पण कॉलेज निवडताना त्याचं नुकसानही होऊ द्यायचं नाही. जास्त मार्क पाडले म्हणून वाईट कॉलेज मिळालं असं होता कामा नये. ऑगस्ट २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या एमबीबीएस प्रवेशावर परत निकाल आला. गुणवान राखीव पोरांना खुल्या जागेवर बसण्यापासून अडवता येणार नाही. म्हणजे खुली जागा ही उच्चवर्णीयांची राखीव जागा नव्हे. खुली म्हणजे सगळ्यांना खुली. आपल्यालाही.

कुणी मेरिटचं नाव काढील. काढू द्या. त्याला विचारा, खासगी कॉलेजातल्या संस्था कोट्याच्या आणि एनआरआय कोट्याच्या जागा कुठल्या मेरिटवर जातात? तिथं मार्क खाली आणि पैसा वर. तिथं कुणी म्हणत नाही की ह्या डॉक्टरच्या हातून पेशंट मरेल. २०२४ साली नीटचा पेपर हजारीबागला आणि पाटण्याला फुटला. पैसे मोजून उत्तरं पाठ केली गेली. मेरिट मेरिट ओरडणाऱ्यांनी तेव्हा आपल्या पोरांची माफी मागितली का?

*

आता मोठा आवाज बाजूला ठेवतो आणि कामाचं बोलतो. कार्यकर्त्याला हे तोंडपाठ पाहिजे. शाहिराला पोवाडा असतो तसं.

फॉर्म एक नाही, दोन आहेत. सरकारी कॉलेजातल्या १०० पैकी १५ जागा देशभरच्या यादीतून भरतात, त्याचा फॉर्म दिल्लीच्या एमसीसीकडं. उरलेल्या ८५ महाराष्ट्राच्या, त्याचा फॉर्म मुंबईच्या सीईटी सेलकडं. आपली बरीच पोरं एकच भरतात. देशाच्या यादीत अनुसूचित जातीला १५ टक्के, राज्याच्या यादीत १३ टक्के. नागपूरला २०१८ पासून एम्स आहे, तिथली जागाही दिल्लीच्या फॉर्मातूनच मिळते.

आता हिशेब करा. १०० जागांचं कॉलेज. राज्याच्या ८५. त्याचे १३ टक्के म्हणजे ११. बारामतीचं सरकारी कॉलेज २०१९ ला सुरू झालं, ते १०० जागांचं. पुण्याचं बी.जे. २५० जागांचं, तिथं आपल्या वाट्याला २७-२८. सोलापूर धरलं तर तीन मिळून साठीच्या आसपास जागा. आणि राज्यात सरकारी आणि महापालिकांची कॉलेजं तीसच्या वर आहेत. नंदुरबार आहे, जळगाव आहे, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, अकोला, नांदेड, अंबाजोगाई, धाराशिव, सिंधुदुर्ग. एकट्या २०२४ साली दहा नवी उघडली. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, जालना, भंडारा, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबईत आणखी एक. तीन नावं लिहिणारी पोरगी साठ जागांसाठी भांडते आणि शेकडो जागा न मागता सोडून देते.

पूर्वी एक अडचण होती. ७०-३०. राज्याच्या जागांपैकी ७० टक्के ज्या त्या विभागातल्या पोरांना. आपण पुणे जिल्ह्यातले म्हणजे उर्वरित महाराष्ट्रात. विदर्भ, मराठवाड्यात आपल्याला जागा थोड्या. सप्टेंबर २०२० ला ते रद्द झालं. आता शिरूरच्या पोरीला चंद्रपूर तेवढंच उघडं आहे जेवढं पुणे. पण आपल्या वस्तीत अजून जुन्या माहितीवर सल्ला चालतो.

सर्वात मोठी गैरसमजूत ही की मोठं कॉलेज वर लिहिलं तर खालचं हातचं जातं. खोटं. कॉम्प्युटर मार्कांच्या क्रमानं एकेकाला घेतो आणि त्याची यादी वरून खाली वाचत येतो. पहिलं मिळत नसेल तर दुसरं बघतो, दुसरं नसेल तर तिसरं. जे पहिलं मिळण्यासारखं आहे ते देतो आणि थांबतो. केईएम, जे.जे., नायर, सायन वर लिहिल्यानं गडचिरोलीची जागा जात नाही. पण गडचिरोली वर लिहिलं आणि जे.जे. खाली, तर जे.जे. मिळण्याइतके मार्क असले तरी गडचिरोलीच मिळणार. म्हणून यादी इच्छेनं लावायची, भीतीनं नाही. मनाला सर्वात हवं ते वर. मग त्याच्या खालचं. शेवटपर्यंत. मागच्या वर्षीच्या याद्या बघायच्या त्या अंदाजापुरत्या, नाव गाळण्यासाठी नाही. फक्त जिथं काही झालं तरी जायचं नाही ते नाव लिहू नका, कारण जागा मिळून सोडली तर पुढच्या फेरीचे नियम आडवे येतात. ते नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. पुस्तिका वाचा. दुकानदाराला विचारू नका. आणि प्रत्येक फेरीच्या वेळी नवी पसंती भरायची आहे का ते बघा. आम्ही तिथंच मेलो.

डीम्डपासून लांब राहा. पुण्यात पाट्या मोठ्या, इमारती चकचकीत, पण तिथं राज्याचं आरक्षण नाही आणि वर्षाची फी वीस लाखांच्या पुढं जाते. दिल्लीच्या त्याच संकेतस्थळावर डीम्डचा पर्याय असतो, त्याला नुसती अनामतच २ लाख. चुकून खूण करू नका. खासगी कॉलेजात राज्याच्या कॅप फेरीतून आपल्याला राखीव जागा आहेत, सरकारीच्या निम्म्या टक्क्यानं. तिथं शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप लागू होते. पण संस्था कोट्यातून शिरलात तर ती लागू नाही. एजंट फोन करून म्हणतो, "जागा करून देतो, शिष्यवृत्तीचं नंतर बघू." त्या नंतरमध्ये बापाची दोन एकर जाते.

पैशाचं भय खरं आहे. पण रस्ता आहे. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ही योजना १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते तेव्हाची. उत्पन्न जास्त असेल तर फ्रीशिप. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना, खोली आणि खाणावळीसाठी. पैसे उशिरा येतात, हे मला माहीत आहे. महाडीबीटीचं पान उघडत नाही, हेही माहीत आहे. त्यासाठीच तर कार्यकर्ता असतो. निवडणुकीत झेंडा धरायला नव्हे.

आणि व्हॅलिडिटी. सगळं करून पोरं इथं अडकतात. नुसता जातीचा दाखला चालत नाही, जिल्हा पडताळणी समितीचं प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आज्याचा-पणज्याचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. ज्यांना शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही त्यांच्याकडंच शाळेचा दाखला मागायचा, ही ह्या देशाची रीत. असो. नोंदी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. त्या नीटचा निकाल लागल्यावर शोधायच्या नसतात, पोर अकरावी सायन्सला गेलं त्याच महिन्यात शोधायच्या. अर्ज कॉलेजमार्फत होतो. आणि बौद्ध लिहिलं तर सवलत जाते, असं अजून सांगणारे महाभाग आहेत. १९९० च्या कायद्यानं बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क केंद्रातही मिळालेत. दाखला मात्र दोन नमुन्यांत काढून ठेवा, राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा.

*

आता अवघड प्रश्न. एक आई मला म्हणाली, "मोठ्या कॉलेजात आपल्या लेकरांना छळत्यात. पेपरात वाचलं."

तिनं वाचलं ते खरं होतं. २२ मे २०१९. मुंबईचं नायर हॉस्पिटल. डॉक्टर पायल तडवी. जळगाव जिल्ह्यातली आदिवासी पोरगी. मिरजेला एमबीबीएस करून स्त्रीरोगाची पदव्युत्तर पदवी घ्यायला आलेली. तिनं जीव दिला. वरच्या वर्गातल्या डॉक्टरांनी जातीवरून छळलं असा तिच्या घरच्यांचा आरोप, आणि खटला कोर्टात गेला. त्या आईला मी काय सांगू? मोठं कॉलेज म्हणजे स्वर्ग आहे असं मी सांगणार नाही.

पण एवढं सांगेन. पोरगी पाठवली आणि आपण पाठ फिरवली, तर मारणाऱ्याला सोपं जातं. पोरगी पाठवली आणि तिच्या मागं वस्ती उभी राहिली, महिन्याला कुणी जाऊन आलं, तक्रार लिहायला कुणी बसलं, १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा तिथं कुणी उच्चारला, तर मारणारा दहादा विचार करतो. छळाच्या भीतीनं नाव गाळायचं म्हणजे छळणाऱ्याला जागा बक्षीस द्यायची. महाडला दगड पडले म्हणून चवदार तळं आपण त्यांच्या नावावर करून दिलं का?

आणि डॉक्टर कशाला पाहिजेत, हे विसरू नका. नुसता बंगला आणि गाडी पाहिजे म्हणून नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराची हकीकत नोंदवून ठेवलीय. १९२९ साली ती छापूनही आली होती. बायको बाळंतीण, आजारी पडलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. फीची हमी आधी घेतली, दोन रुपयांची. ताप मोजायची नळी एका मुसलमानाच्या हातात दिली, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावली. परत त्याच वाटेनं माघारी. तिच्या अंगाला हात न लावता डॉक्टरनं रोग सांगितला. बाई गेली.

आणि तो पुणे-सोलापूर रस्ता, ज्याच्यावरून दौंडची माणसं रोज पुण्याला जातात. १८९७ च्या प्लेगात त्या वाटेवर हडपसरजवळ सावित्रीमाईंच्या लेकानं, डॉक्टर यशवंतानं, दवाखाना मांडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर माईंनी स्वतः उचलून आणलं. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. एक डॉक्टर नळी दुसऱ्याच्या हातात देतो, एक बाई पोर खांद्यावर घेते. आपल्या पोरांनी कुठल्या रांगेत बसायचं, त्यासाठी आपल्याला डॉक्टर पाहिजेत. सरकारी कॉलेजातून पास झाल्यावर एक वर्ष सरकारी दवाखान्यात काम करायचं बंधन असतं. बाकीच्यांना ती शिक्षा वाटते. वाटू द्या. आपल्याला ती आपल्याच गावाकडं यायची वाट वाटली पाहिजे.

*

आता आपल्या लोकांना. म्हणजे तुम्हाला आणि मला.

१ जानेवारीला आपण पेरण्याला जयस्तंभाला जातो. १९२७ ला बाबासाहेब तिथं आले, म्हणून जातो. भीमा कोरेगाव आपल्याच शिरूर तालुक्यात. छाती फुगते. १४ एप्रिलला डीजे लागतो. किती हजारांचा, ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. फ्लेक्सवर वीस जणांचे फोटो, त्यात माझाही होता. त्या पैशातून एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि इंटरनेट येतं. ते विहारात ठेवा. जून ते ऑक्टोबर, संध्याकाळी दोन तास, दोन पोरं बसवा. एक शिरूरला, एक दौंडला. पोरांनी पुस्तिका वाचायची, मागच्या तीन वर्षांच्या याद्या काढायच्या, व्हॅलिडिटीच्या नोंदींना माणूस पाठवायचा. फॉर्म पोरानं किंवा पोरीनं स्वतःच्या हातानं भरायचा. आपण फक्त शेजारी बसायचं. आणि मान डोलवायची नाही.

दौंड स्टेशन बघितलंय ना? तिथून रूळ चार बाजूंना जातात. एक पुण्याला, एक सोलापूरला, एक मनमाडला, एक बारामतीला. आपल्या आज्यांनी त्या रुळांवर गॅंगमध्ये खडी फोडली. मनमाडवरून पुढं जळगाव, नागपूर, गोंदिया सगळं रुळावर आहे. आपण खडी टाकली आणि आपलीच पोरं म्हणतात, लांब आहे. कुणाला लांब? ज्यांनी रूळ अंथरले त्यांना?

ती पोरगी यंदा परत बसतेय. नीटला वयाची वरची अट २०२२ पासून नाही. दिवसा ती एका दुकानात काम करते, रात्री अभ्यास. मागच्या महिन्यात तिच्याकडं गेलो आणि सांगितलं, बाई, तुझी जागा माझ्यामुळं गेली. ती काही बोलली नाही. मग वहीचं एक पान फाडून माझ्यापुढं ठेवलं. त्यावर सगळ्या सरकारी कॉलेजांची नावं, तिच्या अक्षरात, तिच्या क्रमानं. एक नंबरला केईएम.

मी म्हणालो, लांब आहे.

ती म्हणाली, "दादा, तू गप."

जयभीम.